संगणकीय स्पर्धा-खेळ : उदय आणि मोल

'खेळ' हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. अंगणात मुले धावतात तोही खेळ आणि राष्ट्रीय स्पर्धेत संघ उतरतो तोही खेळच. पहिल्यात निव्वळ हौस असते. दुसऱ्यात हौसेबरोबर नियम, सराव, पंच, प्रेक्षक, पैसा आणि प्रतिष्ठा येतात. एखादा खेळ पहिल्या अर्थाकडून दुसऱ्या अर्थाकडे कसा जातो, हा समाजशास्त्राच्या अभ्यासकाला नेहमीच कुतूहलाचा विषय वाटत आला आहे. हुतूतूची कबड्डी होताना महाराष्ट्राने हे स्थित्यंतर पाहिले. आज तेच स्थित्यंतर संगणकाच्या आणि मोबाइलच्या पडद्यावरील खेळांत आपल्या डोळ्यांदेखत घडत आहे. या स्पर्धा-खेळांना 'ई-स्पोर्ट्स' हे नाव आता सर्वत्र रूढ झाले आहे.

या विषयावर मला दोन प्रकारचे प्रश्न विचारले जातात. विद्यार्थी विचारतात, "सर, यात करिअर होते का?" पालक विचारतात, "सर, हे वेड सुटेल कसे?" दोन्ही प्रश्नांमागची कळकळ खरी आहे. परंतु ज्या गोष्टीविषयी आपण प्रश्न विचारतो ती मुळात कशी चालते, हे समजून घेतल्याशिवाय उत्तर देणे म्हणजे अंधारात दगड मारणे होय. मी स्वतः हे खेळ खेळत नाही. पण समाजशास्त्र शिकविणारा एक शिक्षक म्हणून त्यांचा इतिहास मी जिज्ञासेने वाचला. त्यातून जे हाती आले ते येथे मांडतो. विवेचनासाठी मी दक्षिण कोरियाचे उदाहरण घेतले आहे. कारण एका खेळाचा जन्म, वैभव आणि उतार हे सारे चक्र त्या देशात अवघ्या वीस वर्षांत पूर्ण झाले.

आरंभ

पडद्यावरील खेळाची स्पर्धा भरविण्याची कल्पना आपण समजतो तेवढी नवी नाही. १९ ऑक्टोबर १९७२ रोजी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत 'स्पेसवॉर' या खेळाची स्पर्धा झाली. सामान्य माणसाने त्या काळी संगणक पाहिलादेखील नव्हता. विजेत्याला बक्षीस काय, तर 'रोलिंग स्टोन' या नियतकालिकाची एका वर्षाची वर्गणी! १९८० मध्ये अटारी कंपनीने 'स्पेस इन्व्हेडर्स' या खेळाची स्पर्धा घेतली, तीत दहा हजारांहून अधिक लोक उतरले. १९९७ मध्ये 'क्वेक' या खेळातील एका स्पर्धेचा विजेता डेनिस फाँग याला खेळाच्या निर्मात्यांपैकी जॉन कारमॅक यांनी स्वतःची फेरारी मोटार बक्षीस दिली. आणि २०२१ मध्ये 'डोटा २' या खेळाच्या जागतिक स्पर्धेत बक्षिसांची एकूण रक्कम चार कोटी डॉलरवर गेली.

मासिकाच्या वर्गणीपासून चार कोटी डॉलरपर्यंतचा हा प्रवास एकोणपन्नास वर्षांचा आहे. परंतु बक्षिसाचे आकडे हा परिणाम झाला, ते कारण नव्हे. खेळ मोठा का होतो याचे कारण समाजात शोधावे लागते.

कोरियातील उदय

१९९७ च्या अखेरीस दक्षिण कोरियावर मोठे आर्थिक संकट कोसळले. देशाला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून कर्ज घ्यावे लागले. कारखाने आणि कचेऱ्या यांतून हजारो माणसे कमी केली गेली. नोकरी गेलेल्यांपैकी अनेकांनी हाती आलेल्या पैशातून लहानशी दुकाने थाटली, त्यांत 'पीसी बांग' हा एक नवा धंदा होता. 'बांग' म्हणजे खोली. ओळीने संगणक मांडलेली ही खोली आपल्याकडच्या सायबर कॅफेसारखी असे, आणि थोड्या पैशांत तेथे तासभर बसता येई. याच सुमारास सरकारने वेगवान इंटरनेटचे जाळे देशभर पसरविण्याचे धोरण हाती घेतले होते. बेकारीमुळे लोकांच्या हाती वेळ होता, खिशात पैसा कमी होता, आणि करमणूक स्वस्तात हवी होती. २००० सालाच्या सुमारास कोरियात अशा खोल्यांची संख्या वीस हजारांवर गेली.

नेमक्या याच वेळी, मार्च १९९८ मध्ये, अमेरिकेतील ब्लिझर्ड या कंपनीने 'स्टारक्राफ्ट' हा खेळ बाजारात आणला. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हे एक प्रकारचे बुद्धिबळच आहे. पण तीन बाबतींत वेगळे. एक, येथे आळीपाळीने चाल करावयाची नसते, दोन्ही खेळाडू एकाच वेळी चाली करीत असतात. दोन, प्रतिपक्षाचे सैन्य दिसत नाही. टेहळणी करून ते हुडकावे लागते. तीन, सोंगट्या आयत्या मिळत नाहीत. खाणीतून द्रव्य काढून सैन्य आपले आपण उभारावे लागते. दोन्ही बाजूंना निवडता येतील असे तीन वंश आहेत, आणि त्यांची शस्त्रे व स्वभाव पूर्णतः भिन्न आहेत. असे असूनही तिघांचे बळ बरेचसे तुल्य राहते, हे या खेळाचे मर्म. २००१ नंतर कंपनीने या बलाबलात बदल केला नाही. कोणा एका वंशाचे पारडे जड होऊ लागले की कोरियातील स्पर्धा-आयोजक रणभूमीचे नकाशे बदलून तोल सांभाळीत. म्हणजे खेळ अमेरिकन कंपनीचा असला तरी त्याला स्पर्धेस योग्य असे रूप कोरियन लोकांनी दिले. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

पीसी बांगमधील चुरस दूरचित्रवाणीवाल्यांच्या नजरेतून सुटली नाही. १९९९ मध्ये सामने दाखविण्याचा प्रयोग झाला आणि २००० मध्ये केवळ अशा खेळांना वाहिलेली 'ऑनगेमनेट' ही वाहिनीच सुरू झाली. त्याच वर्षी सरकारी मान्यतेने कोरिया ई-स्पोर्ट्स संघटना स्थापन झाली. व्यावसायिक खेळाडूंना परवाने देणे, नवोदितांची निवड करणे, साखळी सामने भरविणे ही कामे ती पाहू लागली. मोठमोठ्या उद्योगसमूहांनी संघ बाळगले. लिम यो-ह्वान या खेळाडूने २००१ मध्ये लागोपाठ मोठ्या स्पर्धा जिंकल्या, तेव्हा चित्रपटातील नटासारखी लोकप्रियता त्याच्या वाट्याला आली. २००४ मध्ये बुसान शहरातील ग्वांगल्ली या समुद्रकिनाऱ्यावर साखळी स्पर्धेचा अंतिम सामना झाला, तेव्हा एक लाख प्रेक्षक लोटल्याचे त्या वेळी सांगितले गेले. कोरियात तरुणांना सक्तीची लष्करी सेवा करावी लागते. २००७ मध्ये तेथील वायुदलाने या खेळाडूंचा स्वतंत्र संघच उभारला. राज्यसंस्थेने खेळाला दिलेली ही मोठीच दाद होती.

शरीराने आणि मनाने द्यावयाचे मोल

ही झाली वैभवाची बाजू. आता हा खेळ खेळाडूकडून काय मागतो ते पाहू.

उत्तम स्टारक्राफ्टपटू एका मिनिटात तीनशे किंवा त्याहून अधिक कळा दाबतो. म्हणजे सेकंदाला पाच हालचाली, आणि प्रत्येक हालचालीमागे एक निर्णय. तबलजीची बोटे आणि बुद्धिबळपटूचे डोके एकाच माणसात हवे, असे म्हटले तर ते चूक होणार नाही. हा वेग सरावाने येतो. कोरियन संघांतील तरुण एकाच घरात राहत, तेथेच जेवत, तेथेच झोपत, आणि दिवसाचे दहा-बारा तास सराव करीत. शाळा-कॉलेज अनेकांचे अर्धवट राहिले. 'लीग ऑफ लेजंड्स' या खेळातील आजचा सर्वांत नामवंत खेळाडू ली सांग-ह्योक, ज्याला जग 'फेकर' या नावाने ओळखते, त्यानेही याच मार्गासाठी शाळा सोडली.

बैठ्या खेळात शरीराला काय त्रास, असे आपल्याला वाटते. पण मनगट, खांदा, मान आणि पाठ यांची दुखणी या व्यवसायात नित्याची आहेत. २०२३ मध्ये हाताच्या दुखापतीमुळे फेकर काही आठवडे खेळू शकला नाही, आणि त्याच्याविना त्याचा संघ सामन्यामागून सामने हरत गेला. चीनचा जिआन झिहाओ हा 'उझी' या नावाने प्रसिद्ध असलेला खेळाडू. हाताची दुखापत आणि मधुमेह यांमुळे जून २०२० मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याने निवृत्ती जाहीर केली. पुढे तो काही काळ परतला हे खरे; परंतु आपल्याकडे ज्या वयात तरुण पदवी घेऊन पहिली नोकरी शोधतो, त्या वयात या माणसाला निवृत्तीचा विचार करावा लागला, हे विसरता येत नाही.

वयाचा मुद्दा केवळ एका-दोघांचा नाही. कॅनडातील सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. 'स्टारक्राफ्ट २' खेळणाऱ्या, सोळा ते चव्वेचाळीस वयाच्या ३,३०५ जणांच्या खेळाच्या नोंदी त्यांनी तपासल्या. पडद्यावर नवे दृश्य आल्यापासून खेळाडूची पहिली हालचाल होईपर्यंत किती वेळ जातो, हे त्यांनी मोजले. चोविसाव्या वर्षाच्या सुमारास हा वेळ वाढू लागतो, असे त्यांना आढळले. कसलेल्या खेळाडूंचीही यातून सुटका नव्हती. मात्र त्याच अभ्यासात असेही दिसले की वयाने मोठे खेळाडू ही उणीव साधेपणाने आणि युक्तीने काही अंशी भरून काढतात. फेकरने पहिले जागतिक विजेतेपद २०१३ मध्ये आणि सहावे २०२५ मध्ये, म्हणजे वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, मिळविले. यावरून वय हा अभेद्य तट नव्हे हे दिसते. परंतु अपवादाकडे पाहून नियम मोडीत काढणे हे तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही मान्य होणार नाही.

अल्प मुदतीच्या या व्यवसायात मोहही पुष्कळ. नामांकित खेळाडूला पगार मोठा, पण संघातील दुय्यम खेळाडूंची मिळकत बेताची, आणि भोवती सट्टेबाजांचे जाळे. २०१० मध्ये कोरियात सामने आधीच ठरवून हरण्याचे प्रकरण बाहेर आले. संघटनेने अकरा खेळाडूंवर कायमची बंदी घातली, आणि त्यांत एके काळचे विजेतेही होते. घरदार, शाळा आणि मित्रमंडळी यांपासून तुटलेल्या, विशीतल्या मुलाला चांगले-वाईट सांगणारे कोण होते, हा प्रश्न मला या प्रकरणात त्या मुलांच्या अपराधाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

खेळाचा मालक

येथवर जे सांगितले ते थोड्याफार फरकाने क्रिकेटला किंवा व्यायामी खेळांनाही लागू पडते. तेथेही दुखापती आहेत, वय आहे, सट्टा आहे. मग संगणकीय खेळांचे वेगळेपण कशात आहे? माझ्या मते ते मालकीत आहे.

कबड्डीचे उदाहरण घेऊ. गावोगाव तिची नावे आणि रीती वेगळ्या होत्या. मंडळांनी आणि संघटनांनी बसून नियम एकसारखे केले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेथे देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डीचा समावेश झाला. या साऱ्या वाटचालीत संघटना भांडल्या, फुटल्या, पुन्हा एक झाल्या. परंतु कबड्डी कोणाच्या मालकीची झाली नाही. उद्या सर्व संघटना बंद पडल्या तरी चार मुले फक्कीने मैदान आखून डाव मांडू शकतील. बुद्धिबळाचेही तेच.

स्टारक्राफ्टचे तसे नव्हते. कोरियन संघटनेने २००७ मध्ये साखळी सामन्यांच्या प्रक्षेपणाचे हक्क विकले, तेव्हा मालक कंपनीने हरकत घेतली. खेळ आमचा, तेव्हा त्याच्या प्रक्षेपणावर आमचा हक्क, असे तिचे म्हणणे होते. संघटनेचे म्हणणे असे की, दहा वर्षे खपून आम्ही या खेळाला राष्ट्रीय क्रीडेचे रूप दिले, तेव्हा तो आता केवळ विकाऊ वस्तू राहिलेला नाही. २०१० मध्ये कंपनीने संघटनेशी बोलणी थांबवून हक्क दुसऱ्या संस्थेला दिले आणि वाहिन्यांवर दावे दाखल केले. मे २०११ मध्ये तडजोड झाली. पण कंपनीला आता आपला नवा खेळ, 'स्टारक्राफ्ट २', पुढे आणावयाचा होता. २०१२ मध्ये व्यावसायिक साखळी सामने जुन्या खेळावरून नव्याकडे वळविण्यात आले. दहा-दहा वर्षे एका खेळावर बोटे घासलेल्या खेळाडूंना दुसरा खेळ नव्याने शिकावा लागला. त्याच वर्षी वायुदलाचा संघही बंद झाला. प्रेक्षक आणि तरुण खेळाडू लीग ऑफ लेजंड्सकडे जाऊ लागले होते. ऑक्टोबर २०१६ मध्ये साखळी स्पर्धा कायमची बंद झाली आणि बहुतेक संघ बरखास्त झाले.

येथे न्याय कोणाच्या बाजूने आहे? कायद्याच्या दृष्टीने कंपनीची बाजू भक्कम आहे; ज्याने वस्तू घडविली त्याचा तिच्यावर हक्क असतो. परंतु नकाशे बदलून खेळाचा तोल राखणारे आयोजक, रात्री जागविणारे खेळाडू आणि समुद्रकिनाऱ्यावर जमलेले प्रेक्षक यांनीही त्या खेळात काही घातले होते, आणि कायद्याच्या कागदावर त्याची नोंद कोठेच नव्हती. गंमत अशी की, संघ गेल्यावरही जुने खेळाडू इंटरनेटवरून तोच जुना खेळ लोकांना दाखवीत राहिले, आणि त्यांचा प्रेक्षकवर्ग टिकून राहिला. २०१७ मध्ये कंपनीने त्याची सुधारित आवृत्ती काढली, तिचा समारंभ त्याच ग्वांगल्ली किनाऱ्यावर झाला. लोकांचे प्रेम कंपनीला नाकारता आले नाही. पण निर्णय मात्र अखेरपर्यंत कंपनीच्याच हाती राहिला.

पैशाच्या बाबतीतही हेच दिसते. वर उल्लेखिलेली डोटाची चार कोटी डॉलरची रक्कम मुख्यतः खेळणाऱ्यांच्या खिशातून आली होती. कंपनीने त्यांना विकलेल्या वस्तूंच्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा बक्षिसांत जाई. कंपनीने विक्रीची ही पद्धत बदलली, आणि २०२३ मध्ये त्याच स्पर्धेची रक्कम बत्तीस लाख डॉलरच्या आसपास आली. खेळाडू तेच, कौशल्य तेच. मिळकत मात्र बाराव्या हिश्शाएवढी उरली.

आपल्या देशातील स्थिती

भारतात हा खेळ संगणकाऐवजी मोबाइलवर वाढला, कारण आपल्याकडे घरोघर जे पोहोचले ते मोबाइलच. २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धांत ई-स्पोर्ट्सचे प्रात्यक्षिक सामने झाले, त्यांत भारताच्या तीर्थ मेहता याने 'हर्थस्टोन' या खेळात कांस्यपदक मिळविले. हांगझोऊ येथे २०२३ मध्ये झालेल्या आशियाई स्पर्धांत हे खेळ अधिकृत पदकांसाठी खेळले गेले. डिसेंबर २०२२ मध्ये भारत सरकारने ई-स्पोर्ट्सचा विषय क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत आणला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने ई-स्पोर्ट्सना स्पर्धात्मक क्रीडाप्रकार म्हणून मान्यता दिली आणि पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. जुगार आणि क्रीडा यांत भेद करणारी ही रेषा आवश्यकच होती.

तथापि मालकीचा प्रश्न येथेही सुटलेला नाही. सप्टेंबर २०२० मध्ये 'पबजी मोबाइल' या खेळावर सरकारने बंदी घातली. जुलै २०२१ मध्ये त्याची भारतीय आवृत्ती आली. जुलै २०२२ मध्ये तीही हटविली गेली आणि मे २०२३ मध्ये परत आली. बंदीची कारणे राष्ट्रीय सुरक्षिततेची होती आणि त्यांचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु तीन वर्षांत दोनदा मैदानच नाहीसे झाले, तेव्हा त्यावर उपजीविका बेतणाऱ्या तरुणाची अवस्था काय झाली असेल, याचा विचार वाचकांनी करावा. कोरियात मालक कंपनीचा निर्णय आडवा आला, येथे सरकारचा. खेळाडूच्या हाती दोन्हीकडे काहीच नव्हते.

समारोप

माझ्या विवेचनाचा अर्थ असा नाही की हे खेळ वाईट आहेत, किंवा ते खेळणारे वाया गेलेले आहेत. सेकंदाला पाच निर्णय घेणारे मन हे आळशी मन नव्हे. कोरियाने २०११ मध्ये सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत ऑनलाइन खेळ बंद करणारा कायदा केला होता. दहा वर्षांच्या अनुभवानंतर तो रद्द करण्यात आला आणि जानेवारी २०२२ पासून तो संपुष्टात आला. केवळ मनाईने प्रश्न सुटत नाही, हा धडा पालकांनीही घ्यावा. दाराला कडी घालण्यापेक्षा मुलगा काय खेळतो, कोणाबरोबर खेळतो, किती झोपतो हे त्याच्याशेजारी बसून पाहणे अधिक उपयोगाचे.

ज्या विद्यार्थ्यांना या क्षेत्रात जावयाचे आहे त्यांनी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. माझ्या खेळाचा मालक कोण, आणि त्याने उद्या खेळ बंद केला तर माझ्यापाशी काय उरेल? पंचविशीनंतर माझे मनगट आणि माझा वेग आजच्यासारखे राहिले नाहीत, तर मी काय करीन? आणि करारावर सही करताना तो वाचून समजावून देणारे वडीलधारे माणूस माझ्याजवळ आहे का? लेखन, भाषांतर, समालोचन, आयोजन, हिशेब यांपैकी एखादी विद्या ज्याने हाताशी ठेवली आहे, त्याला पहिले दोन प्रश्न कमी भेडसावतील. पदवीचे महत्त्व मी येथे पदवीसाठी सांगत नाही. खेळाचे मैदान दुसऱ्याच्या मालकीचे असते, तेव्हा पाय टेकण्यापुरती तरी जमीन स्वतःची असावी, एवढेच सांगावयाचे आहे.

आणि समाज म्हणून आपल्यापुढेही एक काम आहे. कबड्डीसाठी आपल्या पूर्वसूरींनी नियम केले, मंडळे काढली, खेळाडूंची बाजू घेणाऱ्या संस्था उभारल्या. पडद्यावरील खेळाडूंसाठी असे काम आपल्याकडे अजून फारसे झालेले नाही. सरकारी मान्यतेमुळे दार उघडले आहे. आत जाणाऱ्या तरुणांच्या हक्काचे, आरोग्याचे आणि शिक्षणाचे रक्षण कोणी करावयाचे, हे ठरविण्याचे काम मात्र शिल्लक आहे. ते कंपन्या आपण होऊन करतील, अशी आशा कोरियाच्या इतिहासावरून तरी बाळगता येत नाही.